आकडा किडनीचा की मशीनचा?

(दृश्य : पिंपळगाव बसवंत, सकाळ. भुईकाट्यावर चढणारा कांद्याचा ट्रॅक्टर.)

ट्रॉली काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर आकड्यावरून हलत नाही. तोच माल दुसऱ्या काट्यावर कमी भरला, तर तो तिथंच विचारतो, ‘काटा तपासलाय का?’ एमआरआयच्या रिपोर्टबद्दल हा प्रश्न आमच्या घरात कुणाला सुचला नव्हता.

माझ्या दादाला पॉलिसिस्टिक किडनीचा आजार आहे, वडिलांकडून आलेला. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी होतात आणि वाढत जातात. म्हणून एमआरआयवरून किडनीचं आकारमान मिलिलिटरमध्ये काढतात. ते किती वेगानं वाढतंय, यावर पुढचे उपचार ठरतात. गेल्या वर्षी नाशिकमध्ये एका ठिकाणी तपासणी केली, यंदा दुसरीकडे. आकडा वाढलेला. आई दोन्ही फायली मांडीवर घेऊन गप्प बसली होती.

(दृश्य : शेजारी ठेवलेले दोन रिपोर्ट.)

नीट वाचल्यावर उलगडलं. पहिल्या वेळी लांबी, रुंदी आणि जाडी गुणून त्याला ०.५२४ नं गुणलं होतं, म्हणजे किडनी लंबगोल धरली होती. दुसऱ्या वेळी एमआरआयच्या एकेका स्लाइसवर, म्हणजे पातळ कापासारख्या चित्रावर, किडनीची कडा आखली होती. गाठींनी वेडीवाकडी झालेली किडनी लंबगोल कुठून असणार? वाढ खरी किती आणि पद्धतीची किती, हे त्या कागदांवरून सांगता येईना.

आकारमान किमान डोळ्यांना दिसतं. एमआरआयवर मोजला जाणारा दुसरा आकडा, ‘टी-वन’, दिसतही नाही. चुंबकात हलवलेले हायड्रोजनचे कण पूर्ववत व्हायला जो वेळ घेतात, तो टी-वन. किडनीत सूज किंवा तंतू वाढले की हा वेळ लांबतो. पण चुंबक जास्त ताकदीचा असला तरीही लांबतो! निरोगी किडनीच्या बाहेरच्या थरात १.५ टेस्लावर (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) तो साधारण एक सेकंद असतो, ३ टेस्लावर त्याहून जास्त. मशीन बदललं, तर धडधाकट माणसाचा आकडाही आजाराकडे सरकलेला दिसेल.

(दृश्य : स्कॅनरच्या टेबलावर प्लास्टिकचा गोल, आत द्रावणाच्या कुप्या.)

हा फॅन्टम, मशीन तपासायचा नमुना. प्रत्येक कुपीचा टी-वन आधीच ठाऊक असतो. मशीननं वेगळा आकडा दिला, तर दोष मशीनचा किंवा मोजण्याच्या पद्धतीचा. मात्र खोलीचं तापमानही नोंदवावं लागतं, कारण द्रावण गरम झालं की त्याचाही आकडा हलतो. शिवाय फॅन्टम श्वास घेत नाही. माणसाची किडनी प्रत्येक श्वासाला वरखाली होते. म्हणून तीच निरोगी माणसं वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्कॅनरवर झोपवून आकडे ताडून पाहतात. युरोपात २०१७ ते २०२१ या काळात ‘पॅरेंकिमा’ प्रकल्पात संशोधकांनी एकत्र बसून किडनीच्या एमआरआयसाठी सामाईक शिफारशी तयार केल्या. मला वाटतं, टेस्ला आणि मोजण्याची पद्धत रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत छापली पाहिजे.

(दृश्य : दादाचा हात, पेन, फाइल.)

पुढच्या वर्षीची तपासणी दादा त्याच मशीनवर करणार आहे. फायलीवर त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलंय : ‘३ टेस्ला. कडा आखून.’