रोपांवरचा दिवा: खाली किती, वर किती?

(दृश्य: वडगावातली गल्ली. धारेचा पाऊस. मागे यंत्रमागाची खडखड.)

बेळगावात पाऊस एकदा धरला की ऊन दिसलं तर दिसलं. अशात परसात मिरचीचा तरू (लावणीसाठीची रोपं) टाकावा, तर पाण्यानं तो मान टाकतो. म्हणून या घरात संकेश्वरी मिरचीचे ट्रे माजघरात आलेत. उजेडासाठी २० वॅटचे दोन एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखे लांब दिवेही आणलेत. ते लावले मात्र छताला, ट्यूबलाइट लावतात तसे. खोली लख्ख झाली आणि रोपं लुकडी.

(दृश्य: ट्रे अगदी जवळून.)

नीट बघा. देठ लांब, पांढरट. पहिली दोन पानं वर कुठंतरी. आणि सगळ्या रोपांचं तोंड खिडकीकडं! डोक्यावर दोन बॅटन जळतायत, तरी रोपांच्या लेखी ती पावसाळी खिडकीच जास्त उजेडाची आहे.

या कामात डोळ्यावर विसंबू नये. डोळ्याची बाहुली उजेडाप्रमाणे लहानमोठी होते आणि आपल्याला सगळंच पुरेसं वाटतं. मोबाइलमधलं लक्स (उजेडाचं माप) मोजायचं ॲप कामचलाऊ असलं, तरी फरक दाखवतं. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. छताच्या बॅटनखाली ट्रेजवळ जेमतेम तीन-चारशे. मिरचीच्या कोवळ्या रोपांना पांढऱ्या एलईडीखाली दहा ते पंधरा हजार लागतात, तेही रोज चौदा-सोळा तास.

आता तेच बॅटन शेजारी-शेजारी धरून रोपांच्या शेंड्यापासून दहा सेंटिमीटरवर आणा. आकडा दहा हजारांच्या आसपास जातो. बॅटन तेच, बिलही तेच.

खरं तर या घराला हे नवं नाही. मागावर काम करताना तुटलेला धागा दिसावा म्हणून दिवा खाली ओढलेला असतो. आज्जी नातवाला तेच म्हणाल्या, "मागावर दिवा खाली लागतोय, मग झाडाला वर कशाला बांधलास? खाली घे की."

(दृश्य: तुळईला हूक, हुकात साखळी, साखळीला बॅटन.)

सुतळीपेक्षा साखळी बरी. रोप वाढलं की बॅटन एक-दोन कड्या वर. अंतर मोजायचं ते शेंड्यापासून, ट्रेपासून नाही. रोपं आठवड्यात दोन बोटं वाढली आणि दिवा जागचा हलला नाही, तर अंतर आपोआप कमी झालेलंच असतं.

दिवा वर नेला की दोन गोष्टी होतात: उजेड कमी होतो आणि पसरतोही. साधा बल्ब दुप्पट अंतरावर नेला, तर उजेड चौथाई उरतो. लांब बॅटन जवळ असताना तो साधारण निम्मा होतो. डिमरनं, म्हणजे तेज कमी-जास्त करायच्या बटणानं, मात्र फक्त तेज कमी होतं, पसारा तेवढाच राहतो आणि वीजही वाचते. म्हणून ट्रेच्या कडेची रोपं मागं पडत असतील तर दिवा थोडा वर घ्यायचा. सगळीच रोपं सारखी भाजत असतील तर बटण फिरवायचं. हे बटण असतं ते मोठ्या ग्रो-लाइट पॅनेलला, म्हणजे रोपांसाठीच्या खास चपट्या दिव्याला. तसलं पॅनेल दहा सेंटिमीटरवर आणायचं नाही. दीड-दोन वितींवरून, निम्म्या तेजावर सुरुवात करावी आणि चार-चार दिवसांनी वाढवत न्यावं. साध्या बॅटनला डिमर चालत नाही. पंख्याचा रेग्युलेटर जोडायची हौस तर कुणी करूच नये. बॅटन लुकलुकतो आणि लवकर जातो.

उजेड जास्त झाला हे ओळखायचं कसं? शेंड्याची पानं वर वळून वाटीसारखी होतात, त्यांच्यावर पांढुरके डाग पडतात आणि खालची पानं हिरवीच राहतात. खालची पानं आधी पिवळी पडली, तर दिव्याला दोष देऊ नका, खताकडं बघा. शेंड्याच्या उंचीवर तळहात अर्धा मिनिट धरून उष्णता जाणवली, तर दिवा जवळ आहे हे नक्की. पण हात गार राहिला म्हणून निर्धास्त होऊ नये. एलईडी हाताला न पोळताही पान पोळवतो.

दोन बॅटन रोज चौदा तास लावले, तर महिन्याला साधारण सतरा युनिट होतात. मध्येच करंट गेला तर रात्री तेवढे तास वाढवले तरी मिरचीचं काही बिघडत नाही. शेवंतीचं तसं नाही. तिला कळी धरायला लांब रात्र लागते. शेवंती मुद्दाम वाढीतच ठेवायची असली, की शेतकरी पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावतात ते याचसाठी. तेव्हा माजघरात रात्री दहापर्यंत दिवा जळत असेल, तर शेवंतीची कुंडी पडवीत ठेवावी.

(दृश्य: पडवी. खांबाला टेकून ट्रे.)

पाच-सहा आठवड्यांत रोपं लावायला येतात. दिव्याखाली वाढलेलं रोप थेट उन्हात नेलं, तर एका दुपारीत करपतं, पावसाळी उघडीप असली तरी. आधी तीन-चार दिवस पडवीतली सावली, मग सकाळचं तासभर ऊन, मग अर्धा दिवस. रोज संध्याकाळी ट्रे आत. या दिवसांत पाणी थोडं कमी द्यायचं आणि लावणी ढगाळ संध्याकाळी करायची.