लगद्याची टोपली

नमस्कार श्रोतेहो. बांबूचं सूप किंवा टोपली जुनी झाली, फटी पडल्या, दाणा गळू लागला, की कागद आणि मेथीचा लगदा त्यावर लिंपायचा, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असलेलं काम. त्याच लगद्याची अख्खी टोपलीही करतात. सोसायटीत, शाळेत किंवा बचत गटात कचरा वेगळा करायला शिकवायचं असेल, तर आमचं मत असं की आधी ही टोपली करायला घ्या. तक्ते आणि भाषण नंतर.

चार जणांमागे एक बादली आणि अर्धा किलो कागद पुरतो. त्यात साधारण पाऊण हिस्सा वर्तमानपत्र आणि पाव हिस्सा खाकी खोक्याचा पुठ्ठा ठेवा. वर्तमानपत्राचे तंतू आखूड असतात, पुठ्ठ्यामुळे टोपलीला ताकद येते. खोक्याची चिकटपट्टी आणि पिना आधी काढाव्यात. कागद कात्रीनं कापू नका, हातानं फाडा. फाडताना मुलांना एक गोष्ट दाखवा: वर्तमानपत्र एका दिशेनं सरळ पट्टीत फाटतं, दुसऱ्या दिशेनं वेडंवाकडं. कारखान्यात कागद तयार होताना बरेचसे तंतू एकाच दिशेनं बसतात, म्हणून हे होतं. कागद म्हणजे तंतूंची जाळी, हे इथं बोटांना कळतं.

तुकडे बुडतील एवढ्या पाण्यात चोवीस तास भिजवा. त्याच वेळी शेजारच्या भांड्यात चहाचा एक कागदी कप भिजत घाला, आणि बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण दुसऱ्यात. दुसऱ्या दिवशी कप चोळला की कागद सुटून येतो आणि हातात राहते प्लास्टिकची पातळ, कपाच्याच आकाराची पिशवी. वेष्टण तर जसंच्या तसं. कागदी कप रद्दीत का चालत नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. दुकानाच्या छापील पावत्या मात्र बादलीत टाकूच नका. त्या कागदावर रसायनाचा थर असतो.

शंभर ग्रॅम मेथीचे दाणे रात्रभर वेगळे भिजवून बारीक वाटा. मेथी चिकटपणा देते आणि तिच्या कडवटपणामुळे कीड दूर राहते, असा जुना अनुभव आहे. कागद हातानं कुस्करा. मिक्सर वापरलाच तर स्वयंपाकाचा नको, आणि पाणी भरपूर घाला, नाहीतर पातं अडकतं. मग फडक्यात पिळा. लगदा भाकरीच्या पिठाइतका ओलसर हवा. मूठ आवळली की दोन-चार थेंब यावेत. जास्त ओला राहिला तर साच्यावरून घसरतो, फार कोरडा पिळला तर भुगा होतो. आता मेथी घालून दहा मिनिटं चांगला मळा.

पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं ताणून बसवा. लगदा खालून, म्हणजे काठाकडून, वर लावत जा. जाडी पेन्सिलीएवढी, सगळीकडे सारखी. काठ पातळ राहतो आणि तिथंच टोपली पहिल्यांदा तुटते, म्हणून काठाला थोडा जास्त हात द्या.

सगळ्यात जास्त टोपल्या वाळवताना बिघडतात. थेट कडक उन्हात ठेवली तर वरचा थर आधी वाळतो, आतला ओला राहतो आणि तडे जातात. पहिला दिवस सावलीत, वाऱ्यावर. शिवाय लगदा वाळताना आकसतो आणि पातेल्याला घट्ट धरतो. पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर टोपली चिरते. दुसऱ्या दिवशी किंचित ओली असतानाच उतरवा आणि मग दोन-तीन दिवस ऊन दाखवा. पावसाळ्यात हा उपक्रम घेऊ नये, मेथीमुळे बुरशी झपाट्यानं धरते. बुरशी धरू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालण्याची पुस्तकबांधणीवाल्यांची पद्धत आहे, पण ते विषारी आहे. मुलांच्या हातात ते नकोच.

वाळलेल्या टोपलीवर मैद्याच्या किंवा चिंचोक्याच्या खळीनं जुन्या सुती साडीचे तुकडे चिकटवा, काठाला साडीचाच काठ. ऑइलपेंट किंवा वॉर्निश लावू नका, असा आमचा आग्रह आहे. ते लावलं की टोपली पुन्हा भिजत नाही आणि कागदाचा प्रवास तिथंच थांबतो. साधी टोपली मोडली तर कापड सोलून परत बादलीत घालता येते. फक्त दर वेळी तंतू आखूड होतात, म्हणून थोडा नवा पुठ्ठा मिसळावा लागतो. टोपलीत दोरे, बटणं, पिशवीबंद जिन्नस ठेवा. उघडी भाकरी किंवा फरसाण नको: छपाईची शाई अन्नाला लागते, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्येच वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं बजावलं आहे.

पिळलेलं पाणी मोरीत तसंच ओतू नका, तंतूंनी नळी तुंबते. जुन्या साडीतून गाळा, तेच पाणी पुढच्या कागदासाठी वापरा. लगदा उरला तर मेथी न घातलेला असेल तेवढाच मुठीएवढे गोळे करून कडकडीत वाळवा. पुढच्या वेळी रात्रभर भिजवले की ते पुन्हा कामाला येतात.