मेणबत्ती, गाडी आणि 69 अंश

(दृश्य: अंधार. काडी ओढल्याचा आवाज. वात पेट घेते.)

आधी वात जळते. काळी पडते, विझते की काय असं वाटतं, आणि मग ज्योत सावरून उंच होते. तेवढ्या दोन क्षणांत वातीच्या बुडाशी मेण पाघळलं, धाग्याधाग्यांतून वर चढलं, तापून त्याची वाफ झाली आणि त्या वाफेनं पेट घेतला. घट्ट मेणाच्या गोळ्याला नुसती काडी लावून बघा. ओघळेल, पेटणार नाही. जळते ती वाफ.

(दृश्य: फुंकर. वातीतून वर जाणारी पांढरी रेघ. पेटती काडी वातीला न लावता दोन बोटं वर, त्या रेघेत. ज्योत रेघेवरून घसरत वातीवर येते.)

ही पांढरी रेघ म्हणजे निवत चाललेली मेणाची वाफच. मायकल फॅरडे यांनी 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी व्याख्यानं दिली, त्यात हा प्रयोग करून दाखवला होता. आजही बघताना मजा येते. आम्ही तो सुरुवातीलाच घेतला, कारण मेणबत्तीकडे शोभेची वस्तू म्हणून बघायची सवय त्यानं मोडते. मेणबत्ती म्हणजे गोठवलेलं इंधन. दुकानातून आणली तेव्हाही, कपाटात पडून आहे तेव्हाही, गाडीत विसरली तेव्हाही.

(दृश्य: उन्हात उभी असलेली बंद गाडी. काचेतून दिसणारा डॅशबोर्ड.)

गाडीपासूनच सुरुवात करू. घरातल्या मेणबत्तीबद्दल लहानपणापासून कुणी ना कुणी बजावलेलं असतं. गाडीबद्दल सहसा कुणी काही सांगत नाही.

2018 साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियामधल्या संशोधकांनी कडक उन्हाच्या दिवसांत गाड्या उभ्या करून आतलं तापमान मोजलं. बाहेर पारा 38 अंशांच्या वर. तासाभरानंतर उन्हातल्या गाडीतली हवा सरासरी 47 अंश सेल्सिअस, सीट 51, स्टिअरिंग 53 आणि डॅशबोर्ड 69. सावलीतल्या गाड्यांत हवा 38 अंशांवर होती, पण डॅशबोर्ड तिथेही 48 पर्यंत गेला होता.

आता हे आकडे मेणाशेजारी ठेवा. सोयाबीनपासून केलेलं मेण साधारण पन्नाशीच्या आसपास वितळतं. पॅराफिन जातीप्रमाणे 46 ते 68 अंशांच्या दरम्यान. मधमाश्यांचं मेण तसं चिवट, तेही 62 ते 64 अंशांत हार मानतं. डॅशबोर्डवर यातलं काहीच टिकत नाही. आणि वितळण्याच्या बरंच आधी मेण मऊ पडतं. उभी लांब मेणबत्ती वितळत नाही, आधी कंबरेत वाकते.

(दृश्य: सीटवर आडवी टाकलेली उंच मेणबत्ती. वेळ भराभर पुढे. मेणबत्ती हळूहळू सीटच्या खोलगट भागाचा आकार घेते.)

बरणीतली मेणबत्ती असेल तर त्रास वेगळा. वितळताना पॅराफिनचं आकारमान दहा टक्क्यांहून जास्त वाढतं. वर जागा कमी असेल तर ते झाकणाच्या फटीतून झिरपतं, आणि बरणी कलंडलेली असेल तर विचारायलाच नको. माझ्या डिकीतल्या गालिच्यावर असा एक डाग आहे. भेट द्यायला घेतलेली मेणबत्ती मी तिथे ‘उद्या काढू’ म्हणून ठेवली होती. बर्फ लावून मेण कडक केलं, खरवडून काढलं, उरलेल्यावर शोषून घेणारा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली. मेण निघालं. त्यातला रंग आणि अत्तराचं तेल राहिलं. गाडीत अजून लव्हेंडरचा वास येतो, आणि आता तो मला आवडत नाही.

उन्हात तापलेल्या गाडीत मेण आपणहून पेट घेत नाही, हेही सांगायला हवं. मेणाच्या वाफेनं पेट घ्यायला दोनशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि ठिणगीही. धोका असतो तो मेणबत्तीच्या सोबतीला. मेणबत्तीबरोबर लायटर ठेवायची आपली सवय असते, आणि लायटरवर बारीक अक्षरात छापलेलं असतं: 50 अंशांपेक्षा जास्त उष्णतेपासून दूर ठेवा. डॅशबोर्डचा आकडा आठवा.

(दृश्य: कप-होल्डरमध्ये पेटलेली सुगंधी मेणबत्ती. कॅमेरा वर सरकतो: सीटचं कापड, छताचं अस्तर.)

आणि हे. चालत्या गाडीत पेटती मेणबत्ती. सुगंध दरवळावा म्हणून लोक हे करतात, फोटो काढतात. ब्रेक दाबला की बरणीतलं पातळ मेण आधी उडतं, मग बरणी. शेजारच्या खणात सॅनिटायझरची बाटली, परफ्युमचा फवारा. आणि चहूबाजूंनी फोम, कापड, प्लॅस्टिक. अमेरिकेत 1972 पासून गाडीच्या आतल्या साहित्याला एक नियम लागू आहे: चाचणीत आडव्या धरलेल्या तुकड्यावर ज्योत मिनिटाला 102 मिलिमीटरपेक्षा वेगानं सरकता कामा नये. नियम काड्या आणि सिगारेटींमुळे लागणाऱ्या आगी डोळ्यांसमोर ठेवून केलेला. पण नीट वाचला तर लक्षात येतं, मिनिटाला चार इंच जळत गेलेलं कापडही यात पास होतं. तेही आडवं धरलेलं असताना. सीटची पाठ आडवी नसते, आणि आग वर चढताना कितीतरी वेगानं चढते.

(दृश्य: बर्फात अडकलेली गाडी. रात्र.)

गाडीत मेणबत्ती ठेवण्याला एकच गंभीर कारण आहे, ते म्हणजे बर्फ. हिमवादळात रस्ता बंद होतो तिथे आणीबाणीच्या पिशवीत मेणबत्ती, काड्यापेटी आणि पत्र्याचा डबा ठेवायची जुनी पद्धत आहे. साधी मेणबत्ती सुमारे 80 वॉट उष्णता देते. स्वस्थ बसलेला माणूसही जवळपास तेवढीच देतो. म्हणजे डब्यात पेटवलेली एक मेणबत्ती म्हणजे गाडीत बसलेला एक जादा प्रवासी. तो गाडी थोडी उबदार करतो, पण श्वासही घेतो. ऑक्सिजनचा हिशेब जवळपास तोच. त्यामुळे वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच थोडी खाली हवी, डबा खोल आणि सपाट जागेवर हवा, आणि कुणीतरी जागं हवं. सगळ्यांना झोप आवरत नसेल तर मेणबत्ती विझवायची, मग थंडी कितीही असो. मला विचाराल तर त्या पिशवीत दोन घोंगड्या जास्त ठेवा. अपघात होऊन पेट्रोलचा वास येत असेल तर काड्यापेटीला हातही लावू नका.

(दृश्य: घर. टेबलावर मेणबत्ती. वातीचा अगदी जवळून शॉट.)

घरात आलो. ही वात जवळून बघा. ज्योतीत ती सरळ उभी नाही, टोकाशी वाकली आहे आणि वाकलेलं टोक ज्योतीच्या कडेला लालसर जळतंय. हे मुद्दाम घडवलेलं आहे. पूर्वीच्या पिळलेल्या सरळ वाती जळून वाढत जायच्या, धूर करायच्या, आणि कात्री घेऊन कुणीतरी त्या सतत कातरायला लागायच्या. 1825 मध्ये फ्रान्समध्ये काँबासेरेस यांनी वेणीसारखी गुंफलेली वात आणली. वेणी जळताना वळते, टोक ज्योतीबाहेर हवेत जातं आणि स्वतःच जळून संपतं. म्हणून आज आपण कात्री विसरलो. पूर्ण विसरायला मात्र नको होती. जाड वातीच्या टोकाशी काजळीचं फूल धरतं, ज्योत लांबते, नाचते, काचेची बरणी काळी पडते. पेटवण्याआधी वात सहा मिलिमीटरवर कातरा. कातरलेला तुकडा मेणात पडू देऊ नका, नाहीतर तीच दुसरी वात होते. काडीच्या तुकड्याचंही तेच.

अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या आकडेवारीत घरातल्या मेणबत्त्यांच्या आगींमध्ये दर पाचांतल्या तीन आगींचं कारण एकच निघालं: पेटण्यासारखी वस्तू फार जवळ होती. पडदा, कागद, गादी. सुमारे एक तृतीयांश आगी झोपायच्या खोलीत लागलेल्या. संस्था सांगते, सगळीकडून 30 सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. कोपरापासून मनगटापर्यंत आपला हात साधारण तेवढाच, त्यानं मोजा. वरच्या बाजूला मात्र हाताचा हिशेब चालत नाही. फळीखाली मेणबत्ती ठेवायचीच नाही.

टीलाइटच्या छोट्या वाट्या अगदी खेटून मांडल्या की एकमेकींना तापवतात. पातळ मेण इतकं तापतं की वात सोडून सगळा पृष्ठभाग पेटतो.

(दृश्य: पत्र्याच्या वाटीत पेटलेलं मेण, जाड काचेमागे. वरून चमचाभर पाणी. आगीचा गोळा.)

अशा वेळी हात पाण्याकडे जातो. तेच करायचं नाही. पाणी मेणापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि तिथे क्षणात त्याची वाफ होते, आकारमानानं सुमारे सतराशे पट. ती वाफ जळतं मेण बारीक थेंबांत वर उडवते, आणि प्रत्येक थेंब हवेत पेटतो. वर झाकण टाका, आच कमी होईपर्यंत उचलू नका. मेण स्टोव्हवर वितळवून मेणबत्त्या करणाऱ्यांनी तर झाकण आधी शोधावं आणि मग शेगडी पेटवावी. शक्यतो गरम पाण्यात बसवलेल्या भांड्यातच मेण वितळवावं.

बरणीत तळाशी बोटभर मेण राहिलं की ती मेणबत्ती संपली असं समजा. उरलेलं वाया जातं म्हणून जीव हळहळतो, माझाही. पण तेवढ्या मेणावर ज्योतीची सगळी धग काचेच्या बुडाला लागते आणि काच तडकते.

ठेवायची कुठे? थंड, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात. लांब मेणबत्त्या आडव्या, सपाट. उन्हानं रंग उडतो, उघडी राहिली तर सुवास उडतो. सुगंधी मेणबत्ती पॉलिशच्या लाकडावर थेट ठेवू नका, तेलाचा डाग पडतो. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला बरेच जण देतात, त्यानं मेणाला चिरा जातात. मधमाश्यांच्या मेणावर पांढरट साय आली तर ती बुरशी नसते, मऊ फडक्यानं पुसली की जाते.

(दृश्य: टेबल. सुरुवातीला सीटवर वाकलेली मेणबत्ती. कोमट पाण्यात बुडवलेली, मग दोन तळहातांखाली पाटावर लाटली जाते.)

ही आपली गाडीतली. कोमट पाण्यात मऊ केली, लाटून सरळ केली. उभी राहिली, पण जराशी तिरकी. तिरक्या मेणबत्तीचं मेण एकाच बाजूनं ओघळतं, म्हणून ही आम्ही पेटवली नाही.

(दृश्य: मेणबत्ती कपाटात आडवी ठेवली जाते. दार बंद.)