चिनी मातीची तपकीरकुपी : ड्रॅगनची राखाडी शेपटी

नमस्कार मंडळी! ही कुपी बघा. जेमतेम आठ सेंटिमीटर उंच, मुठीत सहज मावते. निळ्या ढगांतून लाल ड्रॅगन निघालाय. वाटते अत्तराची, पण आहे तपकिरीची.

आपल्याकडे तपकीर डबीत असायची. युरोपातही डबीच. चीनमध्ये मात्र ती बाटलीत गेली. छिंग या चीनच्या शेवटच्या राजवटीत युरोपीय पाद्री आणि व्यापारी ही पूड दरबारात घेऊन आले. डबी सारखी उघडली की दमट हवेत तपकीर सर्दावते, तिचा वास उडतो. औषधाच्या छोट्या बाटल्या तिथे आधीपासून होत्या, त्याच कामी आल्या. म्हणून हे तोंड इतकं बारीक! बूच उचलते... दिसला? खाली चिमुकला चमचा आहे. त्याने तपकीर काढायची, नखावर ठेवायची आणि ओढायची.

सुरुवातीला मान होता काच, जेड आणि मिनाकामाच्या कुप्यांना. चिनी मातीच्या कुप्यांचा खरा बहर 19 व्या शतकातला, आणि त्या घडायच्या चिनी मातीसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंगदजेन शहराच्या भट्ट्यांत. माझा जीव यांच्यावरच.

आता कॅमेरा जवळ आणते. निळा रंग कोबाल्टचा, लाल तांब्याचा. दोन्ही झिलईच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या, खाली रंगवलेले, दोन्ही एकाच भट्टीत, सुमारे 1300 अंशांवर. कोबाल्ट गुणी आहे, तांबं लहरी. भट्टीत हवा थोडी जास्त झाली की लाल रंग फिका पडतो, राखाडी होतो. ही शेपटी बघा, टोकाला राखाडी झालीये. काही संग्राहक याला खोट म्हणतात. मला तर इथेच भट्टीतली ती आग दिसते.

आता तळ. चार अक्षरं : 'युंगचेंग काळात बनवलेली'. युंगचेंग सम्राटाचं राज्य 1735 मध्ये संपलं, पण हा शिक्का असलेल्या अशा निळ्या-लाल कुप्या बहुतेक पुढच्या शतकातल्या आहेत. दर वेळी त्यात लबाडी असते असं नाही. जुन्या सम्राटाचं नाव आदराने लिहायची तिथे रीतच होती. तरी विकत घेताना केवळ शिक्क्यावर पैसे मोजू नका. आधी तळाची कड आणि तोंडाची झीज बघा. बूच मूळचं आहे का, तेही विचारा. बुचं हरवतात, बदलली जातात.

आणि आत बॅटरी मारून बघा. या कुपीच्या तळाशी अजून एक डाग आहे. रंग ओळखीचाच, तपकिरी. आपण त्या रंगाला नाव दिलं तेही याच पुडीवरून.