बिस्किटचा चावा

(दृश्य: पहाटेचा उजेड. वाऱ्यावर डुलणारं गवत, मागं टेकड्यांची रांग.)

अमेरिकेच्या पार मधोमध नेब्रास्का राज्य आहे. लांबून ही टेकाडं हिरवीगार दिसतात, पण गवत थोडं बाजूला केलं की खाली नुसती वाळू. सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर वाळू या गवताच्या मुळांनी धरून ठेवली आहे. याच वाळूत नाक खुपसून जगणारा एक साप आम्ही शोधत होतो. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

(दृश्य: सापाचं तोंड जवळून.)

नाकाचा शेंडा बघा, वर वळलेला. डुकराच्या मुसकटासारखा, म्हणून इंग्रजीत याला हॉगनोज म्हणतात. फावड्यासारखं हे नाक चालवत तो वाळू उकरतो आणि आत दडलेले भेक बाहेर काढून गिळतो. भेकाच्या कातडीत विष असतं. बरेच प्राणी त्याला तोंड लावत नाहीत, याला मात्र ते पचतं.

(दृश्य: साप मान पसरतो.)

आम्ही जवळ गेलो आणि त्यानं मान चपटी केली. आपल्यापैकी कुणालाही इथं नागच आठवेल. मग मोठा फुत्कार, मग धडका. त्या धडका हळू करून दाखवतो, नीट बघा. तोंड मिटलेलं आहे. नाकानं ढुशी देतो, चावत नाही.

एवढं करूनही समोरचा हटला नाही, तर तो हे करतो.

(दृश्य: साप उताणा होतो. काही क्षण निवेदन नाही.)

तोंड वासलेलं, जीभ लोंबतेय, अंगाला घाणेरडा वास. आमच्या कॅमेरामननं काठीनं त्याला अलगद पालथा केला, तर तो वळून पुन्हा उताणा झाला. चार वेळा पालथा केला, चारही वेळा तो उताणा. मग आम्ही मागं सरलो आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो. हळूच डोकं उचललं गेलं, त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि तो गवतात दिसेनासा झाला.

संकटात दात न वापरणारा साप. माणसाला तो आवडला यात नवल नाही.

(दृश्य: ओमाहा शहरातलं घर. काचेची पेटी, लाकडाचा भुसा, वर दिवा.)

ही बिस्किट. वेस्टर्न हॉगनोज जातीची मादी, लांबी जेमतेम दोन फूट. वाळूच्या टेकड्या तिनं कधी पाहिल्या नाहीत, जन्म अशाच एका पेटीतला. मालकीणबाई शाळेत जीवशास्त्र शिकवतात. विकणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, हा बिनविषारी आहे, लहान मुलांच्या हातातसुद्धा द्या.

पण या सापाला सौम्य विष असतं. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: निमविषारी. हरणटोळ आणि मांजऱ्या या सापांबद्दल बोलताना आपले सर्पमित्र तो रोज वापरतात. विकणाऱ्यानं असा एक शब्द जरी उच्चारला असता, तरी त्या दिवशी बाईंचा हात वेगळा वागला असता, असं मला वाटतं.

(दृश्य: बाईंच्या फोनवरचं चित्रीकरण.)

हे चित्रीकरण बाईंनी स्वतः केलेलं आहे. एका हातात फोन, दुसऱ्या हाताच्या बोटांत उंदराचं पिल्लू. बर्फातलं पिल्लू, कोमट पाण्यात सैल केलेलं. बोटांना त्याचाच वास. बिस्किट पुढं झेपावते. पिल्लू खाली पडतं आणि तोंडात येतं ते बोट.

फुत्कार नाही, मान पसरलेली नाही. रानात बघितलेली एकही खूण इथं नाही. ती जेवतेय. जबडा एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, बोट आत ओढून घेण्यासाठी.

(दृश्य: कवटी, भिंगाखाली.)

वरच्या जबड्याच्या अगदी मागं हे दोन मोठे दात. नागाच्या दातात विष वाहून नेणारी नळी असते. इथं नळी नाही आणि साधी खाचही नाही. डोळ्याच्या मागं एक ग्रंथी आहे, एकोणिसाव्या शतकातल्या द्युव्हर्नुआ या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाते. घोणशीच्या ग्रंथीला दाबणारे दणकट स्नायू असतात, म्हणून घोणस एका झटक्यात विष टोचून मोकळी होते. या ग्रंथीत तसा जोर नाही. साप चावत राहील तसतसा तिचा स्राव दाताशी झिरपतो आणि जखमेत उतरतो. म्हणून इथं सगळा हिशेब वेळेचा. बोट लगेच सुटलं तर बहुतेक वेळा नुसता ओरखडा राहतो. मिनिटं गेली की गोष्ट बदलते.

बाईंनी बोट ओढलं नाही. ओढलं तर तिचे दात तुटतील, ही भीती. चार मिनिटांनी त्यांनी हात थंड पाण्याच्या नळाखाली धरला, तेव्हा बिस्किटनं तोंड सोडलं.

(दृश्य: हाताची छायाचित्रं, एकामागून एक. पहिला तास. संध्याकाळ. दुसरी सकाळ. पाचवा दिवस. निवेदन नाही.)

सूज बोटापासून मनगटाच्या वर गेली, फोड आले, निळे डाग पडले, खाज आठवडाभर राहिली. अंगठी वेळेत काढली हे बरं झालं. या विषावर उतारा म्हणून कुठलीच लस नाही. जखम धुवायची, हात उंच ठेवायचा, डॉक्टरांना दाखवायचं आणि वाट बघायची. बहुतेकांचं इथंच संपतं. कोलोराडोत मात्र एका तरुणीच्या रक्तातल्या प्लेटलेट अशा चाव्यानंतर घटल्या होत्या, त्याची नोंद २०१९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. आणि मागच्या दातांचे सगळे साप सारखे नसतात. रॉबर्ट मेर्टेन्स हे जर्मनीतले नावाजलेले सर्पशास्त्रज्ञ. स्वतः पाळलेल्या आफ्रिकी ट्विग स्नेकनं चावल्यावर अठरा दिवसांनी, ऑगस्ट १९७५ मध्ये ते गेले.

(दृश्य: पुन्हा ओमाहातलं घर. संध्याकाळ.)

आपल्याकडं रानातला साप पकडून घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. इथं अमेरिकेत हॉगनोजची पैदास होते आणि तो रीतसर विकला जातो. बिस्किटला परत करा, असं बाईंना बऱ्याच जणांनी सुचवलं. पण बिस्किट अजून त्यांच्याकडंच आहे.

पेटीशेजारी आता एक लांब चिमटा टांगलेला असतो. उंदीर सैल केला की बाई आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतात. झाकण सरकतं. चिमटा खाली जातो.

(दृश्य: भुशातून ते वळलेलं नाक वर येतं. बिस्किट जीभ हलवत पुढं सरकते, पिल्लू पकडते.)

जबडा एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

(दृश्य: उंदराची शेपटी आत जाते. बाईंचा हात काचेवर टेकलेला, तर्जनीवर दोन फिकट ठिपके.)