टुंड्रातली शिंगं

२४ जानेवारी १९७८. कॅनडाच्या उत्तरेतलं यलोनाइफ. पहाटेची वेळ, सगळं गोठलेलं. जागे असलेल्या मोजक्या माणसांना आभाळातून आगीचा लोळ जाताना दिसला. मागे ठिणग्या सांडत तो ईशान्येकडे गेला.

ती उल्का नव्हती. तो 'कॉसमॉस ९५४' हा सोव्हिएत उपग्रह होता. अमेरिकी युद्धनौकांवर रडारने नजर ठेवायला चारच महिन्यांपूर्वी सोडलेला. रडारला वीज भरपूर लागते, म्हणून पोटात छोटी अणुभट्टी. काम संपलं की भट्टी सुटी करून वरच्या कक्षेत ढकलायची, असा बेत होता. तो फसला.

उपग्रह भट्टीसकट खाली आला. आता त्याचे तुकडे शोधायचे कुठे? ग्रेट स्लेव्ह लेकपासून बेकर लेकपर्यंत सुमारे ६०० किलोमीटरचा पट्टा. पुढे तर झाडंही संपतात. उणे चाळीसची थंडी, दिवसाचा उजेड जेमतेम. या मोहिमेला नाव दिलं 'ऑपरेशन मॉर्निंग लाइट'. कोणाला सुचलं असेल!

हर्क्युलिस या मालवाहू विमानांत गॅमा किरण मोजणारी यंत्रं बसवली. अमेरिकेतून तज्ज्ञ आले. शेत नांगरावं तशी विमानं तास धरून फिरू लागली. यंत्राने इशारा दिला की सगळे सरसावायचे, आणि बऱ्याचदा निघायचा खडक. तिथल्या खडकांतच मुळात युरेनियम नि थोरियम आहे, त्यांच्यामुळेही यंत्र बोलतं.

आणि पहिला मोठा तुकडा सापडला तो कुत्र्यांच्या गाडीवरून निघालेल्या दोघांना.

थेलॉन नदीकाठच्या एका लाकडी खोपीत सहा तरुण हिवाळा काढत होते. त्यांच्यातले दोघे फेरफटक्याला गेले असताना नदीच्या बर्फात एक खड्डा दिसला. त्यातून वाकड्यातिकड्या धातूच्या दांड्या वर आलेल्या, थेट कॅरिबूच्या, म्हणजे तिथल्या रेनडिअरच्या, शिंगांसारख्या. हे काय, म्हणून ते जवळ गेले. खोपीवर परतल्यावर सोबत्यांकडून कळलं, आभाळातून अणुभट्टी पडली आहे! सगळ्यांना हेलिकॉप्टरने हलवून तपासलं. सुदैवाने कोणाला काही झालं नव्हतं.

मोठे तुकडे सोपे म्हणायचे. खरा पिच्छा पुरवला तो बारीक कणांनी. मिरपुडीएवढे हे किरणोत्सारी कण ग्रेट स्लेव्ह लेकच्या दक्षिणेला दूरवर विखुरले होते. बर्फ वितळल्यावरही शोध थांबला नाही. ऑक्टोबरपर्यंत सव्वा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख पालथा घातला, म्हणजे महाराष्ट्राचा दोन पंचमांश भाग. हाती आला सुमारे ६५ किलोचा ढिगारा. भट्टीतल्या इंधनाचा हिशोब केला, तर जेमतेम ०.१ टक्का.

अवकाशातून पडलेल्या वस्तूंच्या नुकसानीची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार १९७२ चा. त्याच्या आधारे कॅनडाने मॉस्कोला बिल पाठवलं : ६०,४१,१७४ डॉलर आणि वर ७० सेंट. बरीच घासाघीस झाली. १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर सौदा पटला. ते सत्तर सेंट मात्र बुडाले.