सहीआधीचा कागद

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल औद्योगिक वसाहतीत तुमची फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना असेल, तर मोठ्या कंपनीचा छापील पुरवठा करार कधी ना कधी टेबलावर येतोच. तो वकिलाकडे धाडण्याआधी एक मोठा कागद घ्या. चौकशी, कोटेशन, नमुन्याची मंजुरी, मसुदा, बोलणी, सही असे टप्पे त्यावर ओळीने मांडा. प्रत्येकाखाली लिहा : कागद कोणाच्या हातात, निर्णय कोणाचा, दिवस किती.

हे मांडलं की बहुतेक ठिकाणी एक भोक लगेच दिसतं. रिजेक्शनचं, म्हणजे माल नाकारण्याचं कलम कारखान्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाने वाचलेलंच नसतं. 'नाकारलेल्या मालाचा सर्व खर्च पुरवठादाराचा', एवढंच ते वाक्य. पण कास्टिंगमधला, म्हणजे ओतीव भागातला ब्लोहोल (आत राहिलेली वायूची पोकळी) बरेचदा मशीनिंग करताना, म्हणजे यंत्रावर तासतानाच उघडा पडतो. समजा, कास्टिंग १२ किलोचं, दर किलोला ११० रुपये. झाले १,३२० रुपये. त्यावर गिऱ्हाइकाचं ७०० रुपयांचं मशीनिंग. 'सर्व खर्च' या दोन शब्दांपायी २,०२० रुपये तुमच्या अंगावर, गाडीभाडं वेगळंच. म्हणून मशीनिंगच्या खर्चाला मर्यादा घालून घ्या. रिजेक्शन किती दिवसांत कळवायचं, पीस परत मिळणार का, हेही लिहून घ्या. पीसच हाती नसेल, तर दोष तुमच्या साच्याच्या वाळूचा की त्यांच्या टूलचा, हे दाखवणार कशावरून?

पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा बनतो तो नमुना) कोणाच्या मालकीचा आणि पिग आयर्न, स्क्रॅप या कच्च्या मालाचा भाव हलला तर दर कधी बदलायचा, ही दोन उत्तरं कोटेशनमध्येच द्या. मसुदा आल्यावर ती मागणं जड जातं.

पैशाच्या मुदतीत मात्र कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढची मुदत करारानेही लादता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. 'उद्यम' ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी मात्र करारापूर्वीच करून ठेवा. मसुद्यात '९० दिवस' दिसले, की शांतपणे हे कलम दाखवा.

बोलणी सुरू झाली की मसुदा एकाच माणसाकडे ठेवा. प्रत्येक फेरीला फाइलच्या नावात तारीख आणि क्रमांक टाका. फोनवर ठरलेलं त्याच दिवशी मेलने कळवा. खरी गफलत परिशिष्टांत होते : मुख्य करार सुधारलेला, पण ड्रॉइंग जुन्या रिव्हिजनचं. शिवाय पीओच्या, म्हणजे खरेदी ऑर्डरच्या मागे छापलेल्या अटी वेगळ्या असल्या तर चालणार कोणाच्या, हे करारात स्पष्ट हवं. नाहीतर तुम्ही निमूटपणे माल पाठवला, की त्यांच्या अटी मान्य केल्या असा अर्थ निघू शकतो.

सहीच्या दिवशी परिशिष्टांसकट प्रत्येक पानावर दोघांच्या छोट्या सह्या घ्या, आणि समोरच्याला सहीचा अधिकार देणारं पत्र फाइलला लावा. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क सहीआधी, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरलेलं असलं पाहिजे.